बाजू बदलताना

सेक्रेटरी साहेब म्हणाले, मुलींना दोन शब्द सांगा,
समानता, धैर्य, असं काहीतरी.
शाल खांद्यावरून घसरत होती, हातात नारळ,
आणि मला दिसत होतं फक्त कोर्ट नंबर तीन,
जिथं बाबा पहाटे साडेचारला पाणी मारायचे
आणि ऊन वर यायच्या आत रोलर ओढायचे,
मे महिन्यात, इंदूरच्या.

म्हटलं, मुलींनो, भाषण मला येत नाही.
एवढंच ठाऊक आहे की
दर विषम गेमनंतर बाजू बदलतात.
मघाशी माझ्या डोळ्यांत होतं ते ऊन
आता तिच्या डोळ्यांत,
मग ती ट्रस्टींची नात का असेना.
हे ज्यानं ठरवलं तो भेटलाच कधी
तर पाया पडेन आणि विचारेन,
बाबा रे, फाटकाबाहेर का नाही लावलास हा नियम?
परदेशीपुऱ्यातल्या आमच्या खोलीवर
दुपारी तीनचं ऊन पत्र्यातून उतरायचं,
वीस वर्षं उतरलं.
कुणी खुर्चीवरून ओरडलं नाही,
चला, बदला बाजू.

लोक हसले. त्यांना वाटलं, विनोद होता.

एक दोन वेण्यांची मुलगी उठली.
ताई, तुम्हाला भीती नाही वाटायची?
वाटायची. वाटते.
पहिली सर्व्हिस जाळ्यात गेली
की दुसरीला बोटं गार पडतात.
अशा वेळी हात आखडला तर संपलं.
भीत भीत मारलेलाच बॉल बाहेर जातो, बाई,
हे मी शंभर वेळा हरून शिकले.

मग कुणीतरी त्या डिनर सेटची गोष्ट काढली.
राज्य स्पर्धेत मुलांच्या विजेत्याला स्कूटर होती,
मला एकावन्न नगांचा डिनर सेट.
मी तो परत केला, पेपरात फोटो आला,
'इंदूरच्या कन्येचं धाडस'.
धाडस माझं नव्हतं.
आईनं रात्री खोका उघडला,
एक वाटी उचलली, पदरानं पुसली,
दिव्यापुढं धरून फिरवून पाहिली,
आणि होती तशी ठेवून
खोक्याला सुतळी बांधली.
सकाळी म्हणाली, जा, देऊन ये.

तुम्ही मूळच्या कुठल्या, हे मला सगळीकडे विचारतात.
पुण्यात 'मी येऊन राहिली' म्हटलं तर पंच हसले.
इथं कपड्याच्या दुकानात विचारतात,
आप महाराष्ट्र से हो क्या?
पणजोबा बुलढाण्याकडून गिरणीत आले होते.
गिरणी गेली.
आम्ही राहिलो, भोंग्याच्या वेळी उठायची सवय राहिली.
मूळ कुठं दाखवू?

टेनिसमध्ये मात्र हे सोपं आहे.
बॉल रेषेला नुसता शिवला,
केसाएवढा शिवला,
तरी तो आतला.
ती रेष बाबा आखायचे.
दोन खुंट्या, दोरी, चुन्याचं डबडं,
कंबरेत वाकून उलटं उलटं चालत.
मी दोरीचं एक टोक धरायची.
क्लबच्या माठावरचा पेला मात्र
बाबांनी शिवायचा नव्हता.
त्यांचा वेगळा होता, जर्मनचा,
नळामागच्या कोनाड्यात पालथा.
हे मी माइकवर बोलले नाही.
ओठांपर्यंत आलं होतं.
पुढच्या रांगेत बाबा नव्या शर्टात बसले होते
खुर्चीच्या अगदी कडेला,
कुणी उठ म्हणालं तर लगेच उठता यावं असे.
त्यांच्याकडे पाहिलं आणि हात आखडला.
गेला तो बॉल बाहेर.

नंतर सरबत आलं, काचेच्या पेल्यांतून,
सगळ्यांना सारखं.
बाबांनी पेला दोन्ही हातांनी धरला,
प्यायला वेळ लावला.
विचारलं, कसं बोलले मी?
ते कोर्टाकडे बघत होते.
म्हणाले, बरं बोललीस.
पण तिकडची बेसलाइन वाकडी पडलीये,
चुनाही पातळ.
उद्या पहाटे येशील का
दोरी धरायला?